धरण बदललं तरी आकडा जुनाच: स्क्रीन बदलताना सुरुवातीचा कोड

मराठवाड्यातल्या धरणांचा पाणीसाठा दाखवणारं एक छोटं वेबअ‍ॅप मी लातूरहून चालवतो. जायकवाडी, माजलगाव, मांजरा, येलदरी, सिद्धेश्वर, विष्णुपुरी. प्रत्येकाचा आजचा साठा, आलेख आणि नकाशा. आधी प्रत्येक धरणाचं वेगळं पान होतं. लिंक दाबली की ब्राउझर अख्खं पान नव्यानं आणायचा आणि आकडा आणि आलेख मांडणारा सुरुवातीचा कोड आपसूक चालायचा. पण गावाकडच्या नेटवर्कवर ते फार रेंगाळायचं, म्हणून व्ह्यूजेएस या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कमध्ये सगळ्याचं एकाच पानाचं अ‍ॅप केलं, म्हणजे पान तेच राहतं आणि आतला मजकूर बदलतो. वेग खरंच वाढला. मग माजलगाव तालुक्यातून एका शेतकऱ्याचा फोन आला, "दादा, माजलगाव दाबलं तरी आकडा जायकवाडीचाच दाखवायलंय."

मला हे फार लागलं. माजलगावला जायकवाडीच्या उजव्या कालव्यातून पाणी येत असलं तरी दोन्ही साठे वेगळे, आणि रब्बीला पाणीपाळी मिळेल का याचा अंदाज लोक त्या आकड्यावरून बांधतात. त्यात वर नाव 'माजलगाव' असंच दिसत होतं, कारण ते थेट पत्त्यातून येत होतं. नाव बरोबर आणि आकडा दुसऱ्याचा, यापेक्षा कोरी स्क्रीन परवडली.

सुरुवातीचा कोड ऑनमाउंटेडमध्ये होता, म्हणजे स्क्रीन नव्यानं उभी राहिली की व्ह्यू जो भाग चालवतो त्यात. तिथं ब्राउझरच्या कन्सोलवर एक ओळ छापणारा लॉग टाकला. यादीतून जायकवाडीवर गेलो, ओळ छापली गेली. तिथूनच थेट माजलगाव दाबलं, काहीच नाही. यादीत परत येऊन माजलगाव उघडलं तर पुन्हा छापली! दोन्ही धरणांचे पत्ते एकाच साच्यातले, फक्त शेवटचं नाव वेगळं. अशा वेळी राउटर, म्हणजे पत्त्यावरून स्क्रीन निवडणारा भाग, स्क्रीनचा तोच तुकडा (कंपोनंट) पुढे वापरतो, मोडून नवा बांधत नाही. म्हणून ऑनमाउंटेड दुसऱ्यांदा चालत नाही. हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे, आणि माझ्या मते योग्यच आहे.

सोपी वाट म्हणजे राउटर-व्ह्यूला, म्हणजे स्क्रीन जिथं दिसते त्या जागेला, पूर्ण पत्ताच की (ओळखखूण) म्हणून देणं. पत्ता बदलला की सगळं नवं. ते करून पाहिलं, आकडे सुधारले. पण दर वेळी लीफलेट या नकाशा लायब्ररीचा नकाशा नव्यानं उभा राहू लागला आणि नुसतं वर्ष बदललं तरी स्क्रीन लुकलुकायची, कारण वर्षही पत्त्यातच होतं. स्वस्तातल्या फोनवर ते बघवेना. ती की काढली आणि धरणाच्या नावावर वॉच बसवला, म्हणजे नाव बदललं की चालणारा कोड; त्याचा इमिजिएट हा पर्याय चालू ठेवून, म्हणजे पहिल्यांदा उघडतानाही तोच कोड चालतो.

आकडे बदलले, पण मांजराची रेघ तळाला चिकटलेली. जायकवाडीचा उपयुक्त साठा सुमारे २१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर), मांजराचा जेमतेम १७७. उभ्या अक्षाची कमाल मर्यादा ऑनमाउंटेडमध्येच ठरत होती, म्हणून जायकवाडीवरून आलं की मांजरा कोरडं पडल्यासारखं दिसायचं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातुरात अशी रेघ माणसाला घाबरवते.

मग कागद घेऊन सुरुवातीच्या कोडची एकेक ओळ तपासली: ही कितीदा चालायला हवी? भाषा आणि लॉगिन अ‍ॅप सुरू होताना एकदाच. नकाशाची चौकट स्क्रीन उघडताना एकदा. त्याच चौकटीवर दुसऱ्यांदा नकाशा उभारला तर लीफलेट एरर देतं, म्हणून निघताना तो काढूनही टाकायचा. साठा, अक्ष, नकाशाचा मध्य हे मात्र दर धरणाला. 'स्क्रीन उघडली' आणि 'धरण बदललं' या दोन वेगळ्या घटना आहेत, हे इथं मला नीट उमगलं.

नेट मंद असताना भराभर धरणं बदलली तर जायकवाडीचं उत्तर माजलगावच्या नंतर येऊन त्यावर बसायचं. वॉच पुन्हा चालण्याआधी आवराआवर करणाऱ्या क्लीनअपमध्ये, ब्राउझरच्या अबॉर्ट कंट्रोलरनं आधीची मागणी रद्द केली. दर काही मिनिटांनी आकडा ताजा करणारा टायमर ऑनअनमाउंटेडमध्ये (स्क्रीन मोडताना चालणारा भाग) थांबवला, नाहीतर यादीत परतल्यावरही तो मागे चालूच राहायचा.

यादीची स्क्रीन कीप-अलाइव्हमध्ये आहे, म्हणजे सोडल्यावर ती मोडत नाही, परतल्यावर तीच पुन्हा दिसते. पण तिथंही परतताना ऑनमाउंटेड चालत नाही. कालची तारीख राहू नये म्हणून अशी जपलेली स्क्रीन पुन्हा समोर आली की चालणारं ऑनअ‍ॅक्टिव्हेटेड वापरलं.

आता काहीही बदललं की यादीत न परतता जायकवाडी, माजलगाव, मांजरा असं थेट एकामागून एक दाबतो, ब्राउझरमध्ये नेटवर्क मुद्दाम मंद करून, आणि मग ब्राउझरच्या मागे जाण्याच्या बटणानं उलटा येतो.