वीस कोटींत एक जास्त

आम्ही अंकगणिताच्या लायब्ररींची (म्हणजे तयार प्रोग्रॅमच्या संचांची) चाचणी घेतो. दिलेली संख्या मूळ आहे का, हे सांगणारं एक नवं फंक्शन आमच्याकडे आलं होतं. 32 बिटांत मावणाऱ्या, म्हणजे साधारण 4.29 अब्जांपर्यंतच्या सगळ्याच संख्या त्याला घालायच्या ठरल्या. त्या टप्प्यात मूळ संख्या आहेत 20,32,80,221. हा आकडा पक्का. चाळणी लावून (पटीतल्या संख्या गाळत जाऊन) आम्हीही तोच काढला होता. फंक्शननं मोजल्या 20,32,80,222.

फरक एकाचाच, म्हणजे कुणीतरी 1 ला मूळ धरलं असणार, असं सगळ्यांचं मत पडलं. (हा रोग जुना आहे.) पण 1 ला ते बरोबर नाकारत होतं. मग टप्पा निम्मा-निम्मा करत दोन्ही मोजण्या ताडत गेलो आणि शेवटी हाती लागली 3215031751.

हिला 151 नं भाग जातो. चक्क 151! 151 × 751 × 28351. कागदावर भागाकार करत बसणाऱ्यालाही ही सापडली असती.

फंक्शन मिलर-राबिन कसोटी वापरत होतं. यात काही ठरावीक संख्या, म्हणजे बेस, घेऊन दिलेली संख्या मूळ आहे का ते तपासतात; इथे बेस 2, 3, 5 आणि 7. संख्येतून 1 वजा करून उरलेल्याला 2 नं जमेल तितकं भागायचं. इथे एकदाच भाग जातो आणि 1607515875 ही विषम संख्या उरते. बेसचा तेवढा घात काढून तपासायच्या संख्येनं भागला की बाकी 1 किंवा −1 (म्हणजे त्या संख्येपेक्षा एक कमी) आली पाहिजे. 2 आणि 5 ला 1 आली, 3 आणि 7 ला −1. चारही पास.

असं का, म्हणून वही काढली. अवयवांतून 1 वजा केला तर 150, 750, 28350. म्हणजे 150 ची 1, 5 आणि 189 पट. या तिन्हींच्या निमपटींनी त्या विषम घाताला पूर्ण भाग जातो आणि भागाकार विषमच येतो. त्यामुळे प्रत्येक अवयवापुरती बाकी अधिक किंवा उणे 1 इतकीच असू शकते, आणि तिन्हींची चिन्हं जुळली की कसोटी फसते. तीन चिन्हं जुळण्याची शक्यता एक चतुर्थांश. संयुक्त संख्या जास्तीत जास्त एक चतुर्थांश बेसना फसवू शकते, हे राबिननं सिद्ध केलेलंच आहे. ही बया नेमकी त्या कमाल मर्यादेवर बसलेली! आणि पहिल्या चारही मूळ संख्या त्याच चतुर्थांशात पडाव्यात, हा निव्वळ योगायोग. 11 घेतला की 151 पाशी अधिक, 751 पाशी उणे, सोंग उतरलं.

एवढी एकच संख्या अपवाद म्हणून लिहून टाकू, असं फंक्शन लिहिणाऱ्यांनी सुचवलं. गणिती दृष्ट्या ते चुकीचं नव्हतं. 25 अब्जांच्या आत या चार बेसना चकवणारी दुसरी संख्याच नाही. तरी मी अडून बसलो, कारण त्याहून स्वस्त उपाय होता. 2, 7, 61 हे तीन बेस 4,75,91,23,141 च्या खाली कुठेच फसत नाहीत, हे 1993 मध्ये गणिती येश्के यांनी दाखवलंय. आमचा सगळा टप्पा त्याच्या आतच येतो. एक बेस कमी झाला, फंक्शनचा वेग वाढला आणि मोजणी 20,32,80,221 वर आली.