बोगद्यावरून

१० जुलै २०२४, बुधवार. पावसाळ्यात गोव्यातल्या थिवी स्टेशनच्या टॅक्सी-स्टँडवर तसाही मंदीच असते, पण त्या सकाळी रूळ ओस आणि प्लॅटफॉर्म भरलेला, असं उलटंच चित्र. पेडण्याच्या बोगद्यात आदल्या दुपारी रुळांखालून चिखलपाणी उसळलं होतं. रात्री साफ करून वाहतूक सुरू केली, तर पहाटे पुन्हा तेच. मांडवी एक्स्प्रेस रद्द, सावंतवाडीची पॅसेंजर रद्द. लांबच्या गाड्या मडगावहून कुळे, लोंढा, मिरजमार्गे वळवत होते. म्हणजे मडगावकरांना निदान पोर्तुगीजांच्या वेळची घाटाची वाट तरी आहे. थिवी त्या वाटेवर नाहीच.

मला यात फारसं नवल वाटलं नाही. आमचं घर मालप्याजवळ, त्या बोगद्यापाशीच. बोगदा खणत होते तेव्हा मी शाळेत होतो. खडक नव्हे, ओल्या शाडूसारखी माती. आज खणावी आणि उद्या परत भरून यावी. माणसंही गेली त्यात. जेमतेम दीड किलोमीटरचा बोगदा, पण त्याच्यापायी अख्खी कोकण रेल्वे अडली होती. २६ जानेवारी १९९८ ला मार्ग पूर्ण खुला झाला, तोवर मी कॉलेजात.

तर बाकावर एक आजी. म्हापशाला लेकीकडे आल्या होत्या, परत कुडाळला निघालेल्या. पायांशी मानकुराद आंब्याची दोन कलमं, मुळाशी गोणपाट गुंडाळलेला, त्यातून पाणी झिरपतंय.

"बाबा, गाडी येवची नाय काय रे?"

"आज नाही येत, आजी."

"मगे ह्या कलमांचा काय करू? आज लावचीच आसत."

उद्या लावली तर काय बिघडणार होतं, कुणास ठाऊक. पण भाडं सांगताना माझी जीभ अडखळली. राज्याच्या हद्दीपलीकडचं भाडं म्हणजे येतानाचे रिकामे पैसेही धरावे लागतात. आजींनी कनवटीची पुरचुंडी सोडली, मोजली, परत बांधली. मग मीच कुडाळचे आणखी तिघे शोधले आणि भाडं चौघांत वाटलं. कलमं डिकीत आडवी टाकायला आजी काही केल्या तयार नाहीत. "डोळो मोडात," म्हणाल्या. डोळा म्हणजे कलमाचा कोंब. शेवटी मागच्या सीटवर त्यांच्या गुडघ्यांमध्ये दोन्ही उभी राहिली, पानं माझ्या मानेला टोचत.

मालप्याच्या चढावर पाऊस इतका की वायपर पुरेना. "ह्याच डोंगराच्या पोटात आहे बोगदा," मी सांगितलं. आजींनी काचेतून पाहिलं आणि कलमं जरा जवळ ओढली.

कुडाळला सगळ्यांना सोडून परत फिरलो. वाटेत मळगावला, म्हणजे सावंतवाडी रोड स्टेशनवर, डोकावलो, तर मुंबईचे चार पोरगे सामानासकट खोळंबलेले.

"काका, पणजी स्टेशनला घ्याल?"

"पणजीला स्टेशन नाही."

"असं कसं? राजधानी आहे ना?"

"राजधानी आहे, स्टेशन नाही. जवळचं म्हणजे करमळी, जुन्या गोव्याला. तिकीट काढताना बघितलं नाहीत?"

बघितलं नव्हतं. मी फक्त पेट्रोलपुरतं बोललो. रिकामं परतण्याचे पैसे आधीच निघाले होते. बांदा ओलांडल्यावर मागचा एक जण बूट उचलून बघायला लागला.

"काका, खाली एवढा चिखल कसला? बोगद्यातला का?"

"मानकुरादाचा," मी म्हटलं.