आंदर मावळातील रानवाटांवर सायकलने: टाकवे ते कुसूर पठार

जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरील कान्हे फाट्यावरून टाकवे बुद्रुककडे वळले की आंदर मावळ सुरू होते. पवन मावळात आणि लोणावळ्याच्या बाजूला सुट्टीच्या दिवशी जी गर्दी उसळते, तिचा फारसा त्रास अजून या खोऱ्याला झालेला नाही. आंद्रा नदी अडवून बांधलेले ठोकरवाडी धरण, त्याच्या जलाशयाच्या काठाने वसलेल्या वाड्या आणि पश्चिमेला कोकणात कोसळणारे सह्याद्रीचे कडे, असा हा सारा मुलूख आहे. पुण्यातील ज्या सायकलस्वारांना वेताळ टेकडीच्या पलीकडची, खऱ्या डोंगराळ रानातली वाट अनुभवायची आहे, त्यांच्यासाठी जवळच्या अंतरात याहून चांगला परिसर मला ठाऊक नाही. मात्र येथील एकही वाट सायकलसाठी तयार झालेली नाही. गुरांच्या, पाणवठ्याच्या आणि शेताच्या या वाटा आहेत, आणि त्या तशाच मानून चालवल्या तरच हा प्रवास नीट होतो.

कान्हे फाट्यापासून टाकवे, वडेश्वर, डाहुली या गावांवरून खांडीपर्यंतचे अंतर साधारण तीस किलोमीटर आहे. पुण्यातून सायकलनेच निघण्याचा मोह टाळावा. महामार्गावरील अवजड वाहनांच्या रांगेत दोन-अडीच तास घालवल्यावर रुंद टायरची सायकल चढावर जड वाटू लागते आणि ज्यासाठी आलो त्या वाटेवर पाय उरत नाहीत. आम्ही सायकली मोटारीच्या कॅरिअरवर लावून टाकव्यापर्यंत नेल्या आणि गावात विचारून, कोणाच्या दाराची वाट अडणार नाही अशा जागी मोटार उभी केली. टाकव्यात चहा-नाश्ता आणि किराणा मिळतो. पुढे वाड्यांतील दुकाने लहान आहेत आणि ती उघडी असतीलच असे नाही, म्हणून दिवसभराचे खाणे आणि माणशी किमान तीन लिटर पाणी येथूनच सोबत घ्यावे. वडेश्वरच्या पुढे मोबाइलची रेंज भरवशाची नसते, त्यामुळे नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा आणि परतण्याची अंदाजे वेळ घरी सांगून निघावे.

हंगामाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांची गल्लत तेथेच होते. पावसाळ्यातली छायाचित्रे पाहून जुलै-ऑगस्टमध्ये येथे सायकल आणण्याचे बेत ठरतात. त्या दिवसांत मावळातली चिकट माती टायर आणि फोर्क (पुढचे चाक धरणारा दुबेळका) यांच्यामध्ये अशी बसते की चाक फिरेनासे होते, शेवाळलेल्या कातळावर कोणताही टायर पकड धरत नाही आणि ओढ्यांचे पाणी तासाभरात वाढते. शिवाय धबधबे, धरणे आणि घाटमाथ्यांवर जिल्हा प्रशासनाचे मनाई आदेश लागू असू शकतात. ते पाहूनच निघायला हवे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ओल्या पाऊलवाटेवर चाकाने पडलेली चाकोरी पुढच्या पावसात पाण्याची नाली बनते आणि वाट धुपून जाते. ऑक्टोबरमध्ये वाट सुकते, पण गवत कमरेएवढे असते आणि त्याखालचे धोंडे दिसत नाहीत. आम्ही नोव्हेंबरच्या अखेरीस गेलो. गवत पिवळे पडून झुकलेले, माती घट्ट बसलेली, ओढ्यांत पाऊल बुडेल एवढेच पाणी आणि सकाळी जलाशयावर धुके. नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारी हाच काळ मी सुचवेन. फेब्रुवारीनंतर मुरूम सुटा होतो, दुपारचे ऊन सोसवत नाही आणि वणव्यांचे दिवस सुरू होतात.

खांडीपर्यंतच्या डांबरी रस्त्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. चढउतार आहेत, काही ठिकाणी रस्ता उखडला आहे आणि वळणावळणाला जलाशय दिसत राहतो. हे धरण टाटांनी भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रासाठी बांधले आणि १९२२ मध्ये ते केंद्र सुरू झाले. एरवी इंद्रायणी आणि भीमेतून पूर्वेकडे गेले असते ते पाणी येथून बोगद्याने घाटाखाली उतरते आणि वीज करून उल्हास नदीकडे जाते. सह्याद्रीच्या माथ्यावर उभे राहून हे ध्यानात घेतले की समोरच्या शांत पाण्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

खरी वाट कुसूर पठाराच्या बाजूला सुरू होते. आरंभी बैलगाडी जाईल एवढी रुंद, मग दोन्ही बाजूंनी कारवी दाटत जाते आणि अखेरीस हँडल जेमतेम जाईल एवढीच जागा उरते. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, पण सायकलस्वाराने लक्ष द्यायचे ते तिच्या खुंटांकडे. कुडाच्या भिंतींसाठी लोक कारवीच्या काठ्या कोयत्याने तिरक्या कापून नेतात आणि मागे राहिलेला वीतभर खुंट सुळ्यासारखा टोकदार असतो. वाटेच्या कडेने चाक गेले तर तो टायरच्या कुशीत शिरतो, आणि तेथे पडलेली चीर सीलंटने, म्हणजे टायरमधल्या भोक बुजवणाऱ्या द्रवाने, भरत नाही. म्हणून कारवीच्या पट्ट्यात चाक वाटेच्या मध्यावरच ठेवावे, वेग चालण्याइतकाच असावा आणि बोटांसाठी पूर्ण हातमोजे घालावेत. पुढे ऐन, जांभूळ आणि हिरड्याची झाडी लागते. तेथे उतारावर वाळक्या पाचोळ्याखाली सुपारीएवढे गोल दगड दडलेले असतात. पुढचा ब्रेक एकदम दाबला की चाक निसटते. पेडल समपातळीत ठेवून, बैठक खाली करून, वजन मागे घेऊन आणि दोन्ही ब्रेक हलकेच वापरत उतरले तर वाट चांगली साथ देते.

एका ओढ्याच्या अलीकडे गुरे राखणारे एक आजोबा भेटले. आमच्या सायकली नीट पाहून ते म्हणाले, “दादा, पुढं उतारावर धोंडं लई हायेत. उतरून हातात धरून न्या, मंग सपाटीला बसा.” आम्ही तसेच केले आणि त्या उतारावर पाहिले तेव्हा त्यांच्या बोलण्यातला शब्दन् शब्द खरा निघाला. स्थानिक माणसाने दिलेला सल्ला कोणत्याही ॲपमधल्या रेषेपेक्षा अधिक विश्वासाने घ्यावा.

पठाराच्या पश्चिम कडेला कुसूर घाटाचा माथा आहे. घाटमाथा आणि कर्जतचा परिसर यांना जोडणारी ही जुनी वाट. हा घाट सायकलने उतरण्याचा विचार करू नये. उतार तीव्र आहे, वाट दगडांनी भरलेली आहे आणि खाली अपघात झाला तर मदत पोहोचायला फार वेळ लागेल. सायकली आत ठेवून कड्यापर्यंत पायी जावे, आणि काठाच्या वाळक्या गवतावर पाय घसरतो, म्हणून शेवटची दहा पावले सोडूनच थांबावे. कड्यांच्या कपारींत आग्या मोहोळे असतात. तेथे धूर, अत्तराचा वास आणि आरडाओरडा कटाक्षाने टाळावा.

या वाटांवर माणसे आणि जनावरे यांचा मान आधी आहे, हे मी आग्रहाने सांगतो. डोक्यावर हंडा किंवा सरपणाची मोळी घेतलेली मावशी समोरून आली तर सायकलवरून उतरून कडेला उभे राहावे. म्हशी चाकाच्या आवाजाने बुजतात. त्यांच्या मागून जाताना दुरूनच आवाज द्यावा आणि गुराख्याने हात केल्यावरच पुढे सरकावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खाचरांत भाताची कापणी चालू असते. मावळचा इंद्रायणी भात सर्वांनाच ठाऊक आहे आणि हा वाण १९८७ मध्ये याच तालुक्यातील वडगावच्या भात संशोधन केंद्रातून प्रसारित झाला. त्या खाचरांचे बांध मातीचे असतात. एकदा चाक गेले की बांधाची कड फुटते आणि पाणी धरण्याची त्याची ताकद जाते, तेव्हा बांधावर सायकल घालू नये. देवराईत तर सायकल नेऊच नये.

वाटेतला बराच भाग वनखात्याच्या ताब्यात आहे. आत शिरण्यापूर्वी गावात किंवा वनरक्षकाकडे विचारणा करावी आणि मनाई असेल तर मुकाट्याने मागे फिरावे. विस्तव पेटवू नये. वणवा दिसला तर १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर कळवावे. दुखापत झाली तर १०८ ची रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंतच येईल, आणि रुग्णालयासाठी कामशेत, वडगाव किंवा तळेगाव गाठावे लागेल. म्हणून तिघांपेक्षा कमी जणांनी या रानात जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सायकलीबाबत सांगायचे तर पुढे सस्पेन्शन, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि सव्वादोन इंचांचे टायर पुरेसे आहेत. पुढे ३२ दातांचे चाक आणि मागे ५० च्या आसपास दातांपर्यंतची कॅसेट (दातेरी चाकांचा संच) असेल तर बहुतेक चढ बसूनच निघतात. ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या, टायरमध्ये मध्यम वजनाच्या स्वाराने २२ ते २६ पीएसआय हवा ठेवावी; ट्यूब असेल तर थोडी जास्त, नाहीतर दगडावर आपटून ट्यूब चिमटते. आमच्यातील एकाचा मागचा डिरेलर (साखळी एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) धोंड्याला लागला आणि तो सायकलच्या सांगाड्याला जोडणारा हँगर आत वाकला. सर्वांत मोठ्या गिअरला साखळी आऱ्यांत जाऊ लागली. त्याच मॉडेलचा सुटा हँगर त्याच्या पिशवीत होता, म्हणून वीस मिनिटांत काम झाले. हा लहानसा भाग बहुतेक मॉडेलांत वेगवेगळा असतो आणि मावळातल्या कोणत्याही दुकानात तो मिळणार नाही. त्यासोबत साखळीची जोडकडी, एक ट्यूब, पंप आणि टायरच्या आतून लावण्याचा तुकडा एवढे हवेच.

डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारते. बिबट्याचा वावर असलेला हा भाग आहे, तेव्हा दुपारी तीनला पठार सोडून साडेचारपर्यंत डांबरी रस्त्याला लागावे. परतल्यावर टायर हाताने चाचपून पाहावेत. करवंदी आणि बाभळीचे काटे आत मोडून राहिलेले असतात. ट्यूबलेस टायरमधला काटा उपसताना ती जागा खाली करून चाक थोडे फिरवावे, म्हणजे सीलंट तेथे पोहोचते आणि भोक लगेच बुजते. गवतातून आलेली गोचीड मोज्यांच्या काठाशी आणि गुडघ्यामागे चिकटलेली नाही ना, हे मोटारीत बसण्यापूर्वीच पाहून घ्यावे.