दहाव्यानंतर डोक्यात राहिलेलं पुस्तक

गेल्या महिन्यात रामकुंडावर आजोबांचा दहावा झाला. पिंड ठेवून सगळे कावळ्याची वाट बघत उभे, बराच वेळ गेला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की काका, खरंच काही उरतं का हो माणसाचं? काका म्हणाले, आज नको गं हे. आवाज भरून आला होता त्यांचा, मी गप्प बसले. त्याचा राग नाही मला.

पण तेव्हापासून पिएत्रो पोम्पोनाझी डोक्यातून जात नाहीये. इटलीतल्या मांतुआचा माणूस, आधी पादुआला आणि मग बोलोन्याला अ‍ॅरिस्टॉटल शिकवायचा. १५१६ मध्ये त्याने आत्म्याच्या अमरत्वावर एक छोटं पुस्तक काढलं. म्हणणं असं की माणूस कितीही सूक्ष्म विचार करू दे, मनात काहीतरी चित्र आल्याशिवाय त्याला तो करता येत नाही, आणि चित्र येतं इंद्रियांमुळे, म्हणजे देहामुळे, मग देह गेल्यावरही आत्मा राहतो हे नुसत्या तर्काने कसं सिद्ध करणार? श्रद्धा म्हणून मी मानतो, हेही त्याने लिहिलंय. तरी व्हेनिसमध्ये पुस्तक जाळलं.

मला जाळण्यापेक्षाही जास्त टोचतो तो तीन वर्षं आधीचा, १५१३ चा फतवा, पोप दहावा लिओ याच्या काळातला. आत्मा मरतो असं म्हणणं त्यात निषिद्ध ठरवलंच, पण वर विद्यापीठातल्या तत्त्वज्ञानाच्या शिक्षकांना सांगितलं की वर्गात असला युक्तिवाद आला तर तुम्हीच तो खोडून दाखवायचा. म्हणजे गप्प बसायचीही सोय नाही, स्वतःला न पटलेलं उत्तर मुलांना पटवून द्यायचं! मी शिकवते, मला हे वाचून खरंच कसंतरी झालं. पोम्पोनाझी वाचला कारण पोपच्या दरबारातला पिएत्रो बेम्बो त्याच्या बाजूने उभा राहिला, आणि बोलोन्याने तर पगार वाढवून त्याला ठेवून घेतलं.

नंतर दिवस आणखी कडक झाले. इटलीतल्याच कोसेंझाचा तत्त्वज्ञ तेलेसिओ म्हणायचा की नसांमधून फिरणारा एक सूक्ष्म, उष्ण पदार्थ आपल्या संवेदना चालवतो, माणसात आणि जनावरात सारखाच. माणसाला देवाने दिलेला वेगळा आत्माही असतो असं त्याने सोबत लिहिलं होतं, पण तो वारल्यावर आठ वर्षांनी, १५९६ मध्ये, त्याचा ग्रंथ चर्चच्या बंदी घातलेल्या पुस्तकांच्या यादीत गेलाच, दुरुस्त होईपर्यंत.

पोम्पोनाझीच्या पुस्तकात शेवटाकडे एक प्रकरण आहे. आत्माच मरत असेल तर माणसं चांगलं कशाला वागतील, हा आक्षेप. तो म्हणतो, चांगलं वागणं हेच त्याचं बक्षीस, वाईट वागणं हीच शिक्षा. मला लगेच आजोबा आठवले, कधी देवळात गेले नाहीत, पण २०१६ ला गोदावरीला पूर आला तेव्हा पंचवटीतल्या दोन अनोळखी कुटुंबांना घरी आणून चार दिवस ठेवलं, त्यांची भांडी स्वतः घासली. तेव्हा त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर.

काकांना हे प्रकरण मराठीत करून वाचून दाखवायचंय, वर्षश्राद्धाच्या आधी.