कार्डाचं व्याज 42 वरून 16 टक्क्यांवर आणलं: माझा अनुभव

बाबांच्या ऑपरेशनचं नागपूरच्या धंतोलीतल्या हॉस्पिटलचं बिल क्रेडिट कार्डावर भरलं. मेडिक्लेमचे पैसे निम्मेच आले आणि कार्डावर 1,20,000 रुपये उरले. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42.

पुढच्या स्टेटमेंटवर मी पेन घेऊन बसलो. भरले होते 6,500. त्यातले 4,200 व्याजात गेले, त्यावर 18 टक्क्यांनी 756 जीएसटी, आणि मुद्दल कमी झालं फक्त 1,544 रुपयांनी. शिवाय बिल पूर्ण भरलेलं नसल्यामुळे नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज. त्या दिवसापासून कार्ड वापरणं बंद केलं.

व्याज कमी करा म्हणून बँकेला फोन केला. कस्टमर केअरच्या मॅडम म्हणाल्या, "सर, ही रक्कम हप्त्यांनी फेडायची 22 टक्क्यांनी चार वर्षांची ऑफर आहे, ईएमआय कमी बसेल." ईएमआय बसत होता 3,781, पण हिशेब केला तर एकूण व्याज 61 हजारांच्या वर! हप्ता किती हे विचारूच नका, एकूण किती भरावं लागेल ते विचारा.

ऑफिसातल्या एका भाऊंनी मात्र आधीच बजावलं होतं, "सेटलमेंट घेऊ नको बावा. माझ्या रिपोर्टवर 'सेटल्ड' लागलं, आता घराचं लोन भेटून नाही राहिलं." सेटलमेंटमध्ये थोडी रक्कम माफ होते, पण सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींच्या रिपोर्टवर, डाग राहतो. मला माफी नको होती, दर कमी हवा होता.

आमच्या पगारदार पतसंस्थेचं कर्ज 14 टक्क्यांनी मिळत होतं, पण दोन जामीनदार लागणार होते आणि कोणाला गुंतवायचं मनात नव्हतं. तरी पतसंस्थेचं कर्जाचं पत्र हातात ठेवून बँकेला फोन केला आणि शांतपणे सांगितलं, "पूर्ण रक्कम भरून कार्ड बंद करायचं आहे." रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार थकबाकी नसेल तर बंद करण्याचा अर्ज सात कामकाजी दिवसांत निकाली काढावा लागतो, नाहीतर बँकेला दिवसाला 500 रुपये दंड. हे ऐकल्यावर फोन वरच्या टीमकडे गेला. तिथे 18 म्हणाले, मी पतसंस्थेचा दर सांगितला, शेवटी 16 टक्के आणि 24 महिन्यांवर जमलं. प्रोसेसिंग फी माफ. मुदतीआधी फेडल्यास तीन टक्के लागतील, त्यावर मात्र ते अडून बसले. ईएमआय 5,876, शिवाय व्याजावरचा जीएसटी. पहिल्या महिन्याला 6,164, म्हणजे आधी भरत होतो त्याहून कमीच, आणि मुद्दल खरंच उतरणार.

दर, मुदत, फी, सगळं मेलवर मागून घेतलं, आणि तेच कामी आलं. पुढच्या स्टेटमेंटमध्ये पुन्हा जुनाच दर! तोच मेल जोडून तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं, आणि 30 दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन हेही लिहिलं. त्यासाठी संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत खेटे घालावे लागत नाहीत. तक्रार सीएमएस या रिझर्व्ह बँकेच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर फुकट करता येते, किंवा कागदावर लिहून चंदीगडच्या केंद्राला पाठवता येते.

मला तिथवर जावं लागलं नाही. त्याच्या पुढच्या स्टेटमेंटमध्ये जादा व्याज आणि त्यावरचा जीएसटी, दोन्ही परत जमा झालेले दिसले.