आषाढी एकादशी, सरे परगण्यातली

अण्णांची वारी यंदा चुकली. सासवडहून माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूर, हा त्यांचा सव्वीस वर्षांचा नेम. पण नातवाला बघायला ते आणि आई मे महिन्यात इंग्लंडमधल्या गिल्फर्डला आमच्याकडे आले आणि परतीचं तिकीट निघालं ऑगस्टचं. पालखीनं दिवेघाट चढला त्या दिवशी अण्णा सकाळपासून फोनवर घाट बघत होते. दुपारी जेवले नाहीत. मला ते बघवेना.

आमच्या गावावरून एक जुनी वाट जाते. विंचेस्टरहून कँटरबरीपर्यंत, सुमारे 190 किलोमीटर. तिला इथं पिलग्रिम्स वे म्हणतात, म्हणजे यात्रेकरूंची वाट. कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस बेकेट यांना 29 डिसेंबर 1170 रोजी राजाच्या चार सरदारांनी कॅथीड्रलच्या आतच मारलं. तीन वर्षांत पोपनं त्यांना संत ठरवलं आणि लोक पायी यायला लागले. 7 जुलै 1220 ला त्यांच्या अस्थी तळघरातून वर नव्या समाधीत आणल्या. तेव्हापासून 7 जुलै हा उन्हाळ्यातल्या मोठ्या यात्रेचा दिवस झाला. 2025 ची आषाढी एकादशी आली 6 जुलैला. मी अण्णांना हे सांगितलं, तर म्हणाले, "मग एकादशी तरी कशाला घरात काढायची? चालू की."

पूर्ण वाट जमणार नव्हती. काँप्टन ते शीअर, साधारण 15 किलोमीटर एवढं ठरवलं. आईनं राजगिऱ्याचे लाडू आणि भाजलेले दाणे बांधून दिले. अण्णांनी धोतर नेसलं, गोपीचंदन लावलं, गळ्यात माळ होतीच. मी रेनकोट घ्या म्हटलं, तर वारीतलं इरलं आठवून हसले, पण घेतला.

काँप्टनचं सेंट निकोलसचं चर्च लांबून अगदी साधं दिसतं. गारगोट्यांचा जाडजूड मनोरा आणि त्यावर लाकडी कौलांची टोकदार टोपी. हा मनोरा 1066 च्या, फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन लोकांच्या स्वारीच्याही आधीचा. आत गेलं की दोन्ही बाजूंना पांढरे खांब, इथल्याच डोंगरातल्या चॉकच्या दगडाचे. हा दगड इतका मऊ असतो की टोकदार खिळ्यानंही कोरता येतो. पण या चर्चचं खरं वैभव पुढं आहे, वेदीच्या जागी. तिथला गाभारा दुमजली आहे. खाली बसकी कमान, तिच्यावर दुसरी छोटी वेदी, आणि वरच्या मजल्याच्या कडेला लाकडी कठडा. तो बाराव्या शतकातला, एकाच फळीतून कमानींची रांग कापून केलेला. इंग्लंडमधलं इतकं जुनं लाकूडकाम फारच थोड्या ठिकाणी उरलंय. दुमजली गाभारा असलेलं दुसरं चर्च मी तरी पाहिलेलं नाही.

अण्णांचं लक्ष मात्र कमानीच्या बाजूच्या दगडावर गेलं. तिथं कुणीतरी एक शिरस्त्राणवाला योद्धा खरवडून काढलाय, शाळेच्या बाकावर पोरं काढतात तसा. आसपास बारीक बारीक क्रूस. हे सगळे यात्रेकरूंनीच काढले असं छातीठोक कुणी म्हणू नये. या वाटेला यात्रेकरूंचं नाव नकाशांवर मिळालं तेच मुळी एकोणिसाव्या शतकात, आणि वाट तर बेकेटच्याही हजारो वर्षं आधीची. पण ज्यानं क्रूस काढला तो इथं उभा राहिला होता, एवढं खरं. अण्णांनी चष्मा वर करून एकेक क्रूस पाहिला. गडबड नव्हती. वारीत चालणाऱ्या माणसाला थांबायचंही कळतं.

नंतर वाट शेतांतून, वाळूच्या खोलगट रस्त्यानं. खांबाखांबावर ओकच्या फळाची खूण, तिच्या मागं चालत राहायचं. गिल्फर्डच्या दक्षिणेला टेकडीवर सेंट कॅथरीनचं चौदाव्या शतकातलं छोटं देऊळ, आता छप्पर नसलेलं. खाली वे नदी. पूर्वी इथं नाव होती, आता पूल आहे. पुलावर अण्णांनी नदीला हात जोडले आणि म्हणाले, "नीरेवर माउलींना स्नान घालतात तशी ही."

मग सेंट मार्था टेकडीचा चढ. उंची 175 मीटर, म्हणजे दिवेघाटापुढं काहीच नाही, पण वाळूत पाय रुततो. माथ्यावर एकटं चर्च. तिथवर गाडी जात नाही, लग्नाला आलेल्या पाहुण्यांनाही चालतच यावं लागतं. मूळचं बाराव्या शतकातलं, पुढं ढासळलं, मग 1848 ते 1850 मध्ये हेन्री वुडयर या वास्तुशिल्पीनं पुन्हा उभं केलं. मला त्याचं काम आवडतं, कारण त्यानं इथलाच तांबूस लोहाचा दगड वापरला, त्यामुळं चर्च टेकडीतूनच उगवल्यासारखं दिसतं. दार बंद होतं. अण्णा मनोऱ्याकडं बघून म्हणाले, "कळस दिसला, झालं दर्शन." आम्ही दगडाला टेकून दाणे खाल्ले. भुरभुर पाऊस सुरू झाला, खालचं सगळं खोरं धूसर झालं, आणि अण्णांनी हलक्या आवाजात हरिपाठ म्हटला. एक बाई कुत्रं घेऊन आली, जरा लांब थांबली, संपेपर्यंत हलली नाही.

ऑल्बरीच्या बागेतल्या जुन्या चर्चमध्ये भिंतीवर सेंट क्रिस्टोफरचं पंधराव्या शतकातलं चित्र आहे, खांद्यावर लेकरू घेऊन नदी पार करणारा. वाटसरूंचा हा संत. अण्णांना ओळख करून द्यावी लागली नाही. "लेकुरवाळा," एवढंच म्हणाले.

शीअरला पोचेस्तोवर चार वाजले. सेंट जेम्सच्या आवाराचं लाकडी दार लट्यन्सनं केलेलं, ज्यानं पुढं नवी दिल्ली बांधली तोच. मध्यभागी नॉर्मन मनोरा, त्यावर उंच शिखर. दाराच्या दगडी चौकटीवर पुन्हा बारीक क्रूस. पण मला अण्णांना दाखवायची होती ती वेदीजवळची उत्तरेची भिंत.

तिथं दोन भोकं आहेत. एक चार पाकळ्यांचं, दुसरं अरुंद फटीसारखं. 1329 साली ख्रिस्तीन नावाच्या मुलीनं विंचेस्टरच्या बिशपकडं अर्ज केला की मला या चर्चला लागून असलेल्या कोठडीत कायमचं कोंडून घेऊ द्या. बाप विल्यम, गावचा सुतार. बिशपनं गावकऱ्यांकडं तिची चौकशी केली आणि परवानगी दिली. पाकळ्यांच्या भोकातून तिला प्रसादाची भाकरी मिळायची, फटीतून वेदी दिसायची. जगण्यातलं दर्शन तेवढंच. पुढं ती बाहेर पडली. का, ते कागदात नाही. आणि 1332 मध्ये तिनं पुन्हा आत जाऊ द्या म्हणून विनवणी केली. तिला पुन्हा आत घेतलं.

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी फटीत हात घातला. दगड सरळ कापलेला नाही, तिरका कापलाय. त्यांची बोटं त्या तिरकसपणावरून हळूहळू सरकली आणि थांबली ती नेमकी वेदीच्या रोखानं. मागं वळून त्यांनी वेदी पाहिली, परत फट पाहिली. "गवंड्यानं तिला आधी बसवून बघितलं असेल," ते म्हणाले. "उंची कशी कळली नाहीतर?" मी कितीदा इथं आलोय, माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं.

तेवढ्यात पंढरपुरातून दिंडीतल्या काकांचा फोन. तिकडं रात्र झालेली, रांग लांबच लांब, त्यांनी कळसाचंच दर्शन घेतलं होतं. अण्णांनी आमचं सगळं सांगितलं, कँटरबरीचंही. तिथली समाधी 1538 मध्ये राजा आठव्या हेन्रीनं मोडून टाकली, आता त्या रिकाम्या जागी फक्त एक मेणबत्ती जळते. पलीकडून काका म्हणाले, "आणि तरी लोक जातात?" अण्णा म्हणाले, "जातात की. आम्ही निघालोच होतो."

फोन ठेवून ते बाहेर गेले, चर्चला वळसा घालून उत्तरेच्या बाजूला. कोठडी आता नाही, नुसतं गवत आहे. अण्णांनी चपला काढल्या. "चोखोबाही बाहेरच," असं काहीतरी पुटपुटले, टोपी काखेत धरली आणि त्या ओल्या भिंतीला कपाळ टेकवलं. वर उठले तेव्हा गोपीचंदनाचा पुसट पिवळा ठिपका दगडावर उमटला होता.