हिप्परग्याच्या बांधावर

तुळजापूर रोडनं सोलापूरला येताना आज हिप्परग्याला गाडी थांबवलीच. एरवी एसटीच्या खिडकीतून नुसतं पाणी दिसतं. हा एकरुख तलाव, आदिला नदीवरचा १८७१चा मातीचा बांध! पाण्याच्या अंगाला दगड बसवलेत, लाटांनी माती झिजू नये म्हणून. फटींतून गवत आलंय, एका दगडावर माशाचे खवले चिकटलेले. शेतीला पाणी द्यायचं, वर सोलापूरची तहानही याच्याच गळ्यात. आता उजनी आहे म्हणून याला विसरायचं होय?

जाळं आवरणाऱ्या मामांना विचारलं, "मासा घावतो का?"

"पाणी असलं की सगळं घावतंय बघा."

थर्माकोलच्या प्लेटा टाकून जाणाऱ्यांना मात्र तिथंच उभं करून वेचायला लावलं पाहिजे. खरंच.